हिचा निघाला

आमच्या घरात हृदयरोग्याची जागा एकच होती आणि ती माझ्या आधी पुष्कळ वर्षं भरलेली होती. यांची बायपास झाली तेव्हा मी अजून नोकरीत होते, शाळेत आठवी-नववीला भूगोल शिकवायचे. तेव्हापासून आमचं कर्वेनगरातलं तीन खोल्यांचं घर यांच्या छातीभोवती फिरत आलं. आमटीत मीठ किती, पंखा कितीवर, टीव्हीचा आवाज केवढा, आलेल्या पाहुण्याने किती वेळ बसायचं, सगळं त्या एका छातीला विचारून. हे निमसरकारी कचेरीतून मोठ्या टेबलावरून निवृत्त झाले, त्यामुळे आजारालाही यांनी कचेरीची शिस्त लावली. एक निळी जाड फाइल, तिच्यात प्रत्येक रिपोर्ट तारखेवार, पहिल्या पानावर अनुक्रमणिका आणि महत्त्वाच्या आकड्याखाली लाल रेघ. लग्नाचा अल्बम कुठल्या कपाटात आहे हे यांना आजही मला विचारावं लागतं. फाइल मात्र वीज गेलेली असतानाही सापडेल.

मी याबद्दल कधी कुरकुर केली नव्हती. नवरा ऑपरेशनच्या टेबलावरून परत आला होता, मी घाबरले होते, आणि घाबरलेली बाई जे करते ते सगळं मी केलं. कुरकुर सुरू झाली ती मला स्वतःला झटका आल्यावर.

तो आला गौरी जेवणाच्या दिवशी. पुरण वाटताना जबडा दुखायला लागला, मग पाठीत दोन खांद्यांच्या मधोमध कळ, मळमळ, आणि पदर पिळून काढावा इतका घाम. मी यांना सांगितलं. यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, जाणकाराने पाहावं तसं, आणि म्हणाले, “हार्टचं असं नसतं. छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. हे पित्त आहे, आलं-लिंबू घे.” घरात या विषयातला अधिकार यांचा, तेव्हा मी आलं-लिंबू घेतलं आणि सगळ्यांची पानं वाढली. संध्याकाळी मुलाने माझा चेहरा बघून मला गाडीत घातलं नसतं, तर ही हकिगत लिहायला दुसरं कोणी शोधावं लागलं असतं. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. तिच्यात स्टेंट घातला.

घरी आल्यावर सोसायटीतले लोक भेटायला आले. मी पलंगावर उशीला टेकून, हे शेजारी खुर्चीत. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी माझ्या हातात शहाळं ठेवलं आणि त्या यांच्याकडे वळल्या. “तुम्ही स्वतःला जपा हं. तुमच्या हार्टला हा ताण बरा नाही.” यांनी खिन्नपणे मान हलवली. मग जो येई तो हेच म्हणे. टेकडीवर यांच्याबरोबर फिरायला जाणारे मित्र सगळे एकदम आले, यांच्या खांद्यावर आळीपाळीने हात ठेवून बसले, आणि चहा कोण करणार असा प्रश्न पडला तेव्हा सगळ्यांनी अगदी सहज माझ्याकडे पाहिलं. मी केला. साखर कमी घातली, यांच्यामुळे.

माझ्या आजाराचे कागद आले तेव्हा वेगळी फाइल करावी असं कोणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. निळ्या फाइलच्या मागच्या पुठ्ठ्याला एक खिसा होता. एरवी त्यात औषधाच्या दुकानाच्या जुन्या पावत्या असायच्या. यांनी पावत्या काढून टाकल्या आणि मला तिथे ठेवलं.

आता जे सांगते आहे ते गेल्या वर्षीचं. आम्ही दोघं एकाच डॉक्टरबाईंकडे जातो. आमच्या मुलाच्या वयाच्या असतील, बोलणं तुटक, हसणं बेताचं, आणि मला त्या पहिल्यापासून आवडतात. नेहमीच्या तपासणीला गेलो तेव्हा त्यांनी दोघांचे जुने रिपोर्ट चाळले आणि म्हणाल्या, “कोलेस्टेरॉल दोघांचंही आटोक्यात आहे. पण तेवढ्यावर भागत नाही. या वेळी एचएस-सीआरपी पण करून घ्या.”

यांनी लगेच पेन काढलं. “हे कशासाठी असतं?”

“शरीरात कुठे दाह असला, आतून सूज असली, की यकृत एक प्रथिन जास्त तयार करतं. ते रक्तात मोजता येतं. ज्यांना एकदा हृदयाचा त्रास झाला आहे आणि ज्यांचं कोलेस्टेरॉल आता नीट आहे, त्यांच्यातही हा आकडा चढा राहिला तर पुन्हा झटका येण्याचा धोका जास्त असतो.”

“किती असायला हवा?”

“एकच्या आत छान. तीनच्या वर गेला की मी लक्ष देते. पण एका आकड्यावर जाऊ नका. सर्दी झाली, दात दुखला, गुडघे सुजले तरी तो वाढतो. म्हणून वाढलेला दिसला तर थोड्या दिवसांनी परत करायचा. परत तेवढाच आला तर मग विचार करायचा.”

मी माझ्यापुरतं ते शेगडीवर समजून घेतलं. लहानपणी आमच्याकडे कोळशाची शेगडी होती. वरून सगळी राख दिसायची, विझली म्हणून हात लावायला जावं तर खाली निखारा असायचा. कोलेस्टेरॉलचा आकडा म्हणजे शेगडीत कोळसा किती घातला आहे ते. हा नवा आकडा, आत अजून धगधगतं आहे का, ते सांगायला बघतो. खात्रीने सांगत नाही, पण हात लावण्याआधी थांबा म्हणतो. एवढं कळलं तरी खूप झालं असं मला वाटलं. यांनी मात्र एक पानभर लिहून घेतलं. डॉक्टरबाई म्हणाल्या की त्या महिनाभर परदेशात आहेत, आल्यावर दोघांनी रिपोर्ट घेऊन या.

रक्त न्यायला माणूस घरी आला. आधी यांचं घेतलं, मग माझं. दोघांच्या नावापुढे मोबाईल नंबर यांचाच, कारण “एका घरात दोन नंबर कशाला?” रिपोर्ट यांच्या फोनवर आले. दुसऱ्या दिवशी हे कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून दोघांचे कागद छापून घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर लावायला बसले.

इथे घोटाळा झाला. एचएस-सीआरपीचा कागद वेगळा, शेवटचा. माझं नाव सगळ्या बायकांसारखं लांब: आधी मी, मधे हे, शेवटी यांचं आडनाव. छापताना ते दोन ओळींत तुटलं होतं. वरच्या ओळीत मी एकटी, खालच्या ओळीत यांचं नाव आणि आडनाव. माझं नाव असलेली वरची ओळ फाइलच्या क्लिपखाली गेली. उरलेल्या ओळीत यांनी स्वतःचं नाव वाचलं आणि कागद स्वतःचा समजून घेतला. लग्नापासून माझ्या नावाच्या मधोमध बसलेला माणूस, त्याला तिथे स्वतःखेरीज दुसरं कोण दिसणार? वय, स्त्री की पुरुष, असलं काही वाचायच्या फंदात हे पडले नाहीत. यांनी आकडा वाचला. यांचा खरा कागद माझ्या बाकीच्या कागदांबरोबर मागच्या खिशात गेला.

आकडा सहाच्या वर होता. तो माझा होता. पण तेव्हा आम्हाला कोणालाच ते माहीत नव्हतं, आणि पुढचा महिना आमचं घर माझ्या रक्तातल्या आकड्याने यांच्यासाठी घाबरलं.

यांनी तो मोठ्याने वाचला, मग चष्मा पुसून परत वाचला. हातातली पोह्यांची बशी मी तशीच टेबलावर ठेवली. “माझा किती?” असं मी विचारलंही नाही. खरंच सुचलं नाही. यांनीच नंतर मागच्या खिशात डोकावून, नुसता आकडा बघून सांगितलं, “तुझा उत्तम आहे, एकच्या आत,” आणि ते ऐकून मला एक क्षण लाज वाटली, यांचं असं झालेलं असताना माझं चांगलं निघालं म्हणून.

मुलगा खराडीला राहतो, तिथेच त्याचं ऑफिस. एरवी रविवारीसुद्धा ट्रॅफिकची कारणं सांगणारा मुलगा त्या दिवशी कामाच्या दिवशी संध्याकाळी दारात हजर झाला. क्लिनिकमध्ये फोन करून झाला होता. तिथून सांगितलं की चालू गोळ्या चालू ठेवा, सर्दी-ताप नसेल तर घाबरू नका, डॉक्टर आल्या की फाइल घेऊन या. घाबरू नका म्हटल्यावर कोण ऐकतं? मुलाने फोनवर बरंच काही वाचून काढलं होतं. “बाबा, हे लाइटली घ्यायचं नाही. हे रिस्क मार्कर आहे. स्ट्रेस झिरो पाहिजे. आई, यांच्याशी वाद घालायचा नाही हं आता.”

वाद मी कधी घातला होता कोण जाणे. पण मी मान डोलावली.

मग घर डोक्यावर घेतलं गेलं. साखर बंद, मैदा बंद, तेल बदललं. जवसाची चटणी, दुधात हळद, रात्री ज्वारीची भाकरी. यांना भाकरी पातळ लागते, ती मी उभं राहून थापायची, गुडघे ओट्याला टेकवून. बातम्यांनी रक्त तापतं म्हणून बातम्या बंद. हिरड्यांमुळेही दाह वाढतो असं मुलाने वाचलं, म्हणून यांना दातांच्या डॉक्टरकडे नेऊन हिरड्या साफ करून आणल्या. वरच्या मजल्यावर फरशीचं काम चालू होतं, ते मुलाने जाऊन दुपारचं थांबवलं. टेकडीवरचे मित्र रोज एकेक जण फोन करायचे आणि हे हळू, समजूतदार आवाजात सांगायचे, “बघू या. दाह आहे आत. आपल्या हातात काय आहे?”

आणि एक दुपार अशी आली की हे गॅलरीत माझ्याशेजारी येऊन बसले. यांनी माझा हात हातात घेतला. असं यांनी शेवटचं कधी केलं होतं मला आठवेना. म्हणाले, “मी नसताना तुझं अवघड होईल. गॅस बुक कसा करायचा ते शिकून ठेव.” गॅस लग्नापासून मीच बुक करते आहे. पण तेव्हा मला हसू आलं नाही, रडू आलं. मी यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि हा माणूस गेला तर मी काय करणार या विचाराने माझा जीव खरोखर कासावीस झाला. त्या रडण्यात खोटं काहीच नव्हतं, हे मला आजही जास्त छळतं.

त्याच दिवसांत मला जिना चढताना धाप लागायला लागली. आमचा दुसरा मजला. भाजीची पिशवी घेऊन पहिल्या मजल्यावर थांबावं लागायचं, आणि थांबलं की जबड्यात तोच जुना ठणका, बारीक, ओळखीचा. बसलं की जायचा. मी यांना सांगितलं. हे चिडले नाहीत, दुखावले. “तुला आत्ताच काढायचं होतं का हे? तुझा रिपोर्ट चांगला आहे, मी स्वतः पाहिला आहे.” मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “आई, तू पण आता टेन्शन घेऊन आजारी नको पडू. आधी बाबांचं मार्गी लावू या.” त्याचा आवाज प्रेमळ होता. त्यामुळे पुढे काही बोलताच येईना. मी भाजीवाल्याला वर यायला सांगू लागले आणि गप्प बसले.

डॉक्टरबाई परत आल्या. आम्ही तिघं गेलो. मुलाने रजा घेतली होती. हे नवीन शर्ट घालून, फाइल मांडीवर घेऊन बसले होते, आणि आत गेल्यावर यांनी ती टेबलावर ठेवून लाल रेघ मारलेला कागद उघडला. डॉक्टरबाईंनी कागद पाहिला, मग संगणकाकडे पाहिलं. प्रयोगशाळा त्यांना परस्पर एक प्रत पाठवते. त्यांनी फाइलची क्लिप उघडली, कागद बाहेर ओढला आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हा तुमचा नाही. तुमचा एकच्या आत आहे. उत्तम आहे.”

तिघांचाही जीव भांड्यात पडला. तिघांचाही म्हणते आहे, कारण सगळ्यांत आधी सुटकेचा श्वास मी सोडला. “देवाची कृपा,” असं मी मोठ्याने म्हटलं. हे खुर्चीत मागे रेलले आणि चक्क हसले. मुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि म्हणाला, “थँक गॉड. बाबा, काय घाबरवलंत.”

डॉक्टरबाई आमच्याकडे बघत होत्या. त्यांनी आम्हाला हसू दिलं आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाल्या, “हा यांचा आहे.”

हे माझ्याकडे वळले. यांच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. “हिचा? मग ते गुडघे असणार. हिचे गुडघे दुखतात ना.”

एका वाक्यात उलगडा झाला. महिनाभर त्याच आकड्यापायी दिवाणखान्यात सुतक पाळलं गेलं होतं. कागद तोच, लाल रेघ तीच. फक्त वरची ओळ बाहेर आली आणि धोक्याचा आकडा गुडघ्यांचा झाला.

“गुडघे असू शकतात,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “म्हणून परत करायचा. पण यांना आधी झटका येऊन गेला आहे, तेव्हा मी गुडघ्यांवर ढकलून मोकळी होणार नाही.” मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, “जिना चढताना काही होतं?”

मी यांच्याकडे पाहिलं. का पाहिलं कोण जाणे, परवानगी मागितल्यासारखं. मग सांगितलं. धाप, जबडा, पहिला मजला. डॉक्टरबाई लिहीत होत्या. मुलाची मान खाली गेली. हे म्हणाले, “मला काही बोलली नाही.” मी म्हटलं, “बोलले होते. तुम्ही माझा रिपोर्ट स्वतः पाहिला होता.”

बाहेर पडल्यावर यांना मिसळ खायची होती. महिनाभर जवस खाल्लं होतं, माणूस कंटाळतो, मी समजू शकते. रस्त्यापलीकडे हॉटेल होतं. यांनी मिसळ मागवली, वर जास्तीची तर्री, आणि ती यायच्या आत फोन काढला. टेकडीवरच्या एकेका मित्राला यांनी तिथे बसून फोन केला. माझ्या समोर बसून. आवाज पूर्वीसारखा खणखणीत. “अरे, काही नाही. घोटाळा झाला होता. माझा नव्हताच तो. हिचा निघाला.”

पलीकडून कोणीतरी हसत असावं, कारण हेही हसत होते. पुढचा फोन. “हिचा निघाला.” पुढचा. “हो, हो, हिचा. गुडघ्यांमुळे असतं तसं.” मुलगा पाण्याचा ग्लास बोटांनी फिरवत बसला होता. एकदा म्हणाला, “बाबा, नंतर करा ना फोन.” यांनी हाताने त्याला थांबवलं, पुढचा नंबर लावत होते.

मला राग आला, आणि मला माझा राग नीट ओळखता येतो. चाळीस मुलांच्या वर्गापुढे उभी राहिलेली बाई आहे मी. पण इतक्या वर्षांत असा राग आला नव्हता. हा माणूस वाईट नव्हता. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. हा नुसता सुटला होता, आणि मी बुडते आहे की काय हे बघायला त्याने मान वळवली नव्हती, कारण ती वळवायची असते हे या घरात त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी उठले आणि रिक्षा करून घरी आले. हे मागून म्हणाले, “अगं, तुझ्यासाठी डोसा सांगितला होता.”

दुसऱ्याच आठवड्यात मी एकटी प्रयोगशाळेत गेले. खिडकीवरच्या मुलीने माझं नाव लिहिलं आणि विचारलं, “मिस्टरांचं नाव?” मी म्हटलं, “त्यांचं रक्त द्यायला आलेले नाही. माझं आणि आडनाव, एवढंच लिहा. नंबर माझा घ्या.” तिने तसं लिहिलं. येताना मी मंडईजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून एक पिवळी फाइल आणली आणि मागच्या खिशातले माझे सगळे कागद तिच्यात लावले. हे बघत होते. म्हणाले, “आता हे काय नवीन?” मी म्हटलं, “काही नाही. जागा बदलली.” यांना ते लागलं. मला बरं वाटलं.

आकडा परत सहाच्या आसपास आला. सर्दी नव्हती, ताप नव्हता. दातही नीट होते. डॉक्टरबाईंनी मला ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून पाहिलं आणि मध्येच थांबवलं. “अँजिओग्राफी करू या,” त्या म्हणाल्या. “आकड्यामुळे नाही. आकड्याने फक्त मला तुमच्याकडे दुसऱ्यांदा बघायला लावलं.” हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. माझ्याकडे दुसऱ्यांदा बघायला एका प्रथिनाची गरज लागली होती.

तारीख ठरली तेव्हा हे म्हणाले की त्या दिवशी टेकडीवाल्यांचं स्नेहभोजन आहे, एक दिवस पुढे ढकलता येईल का. मी नाही म्हटलं. एवढंच, नाही. यांनी स्नेहभोजन सोडलं आणि आठवडाभर ते सोडल्याचं मला अधूनमधून सांगत राहिले.

मनगटातून तपासणी केली. दुसऱ्या रक्तवाहिनीत मोठा अडथळा सापडला आणि तिथल्या तिथे आणखी एक स्टेंट घातला. डॉक्टरबाई म्हणाल्या की आणखी काही महिने गेले असते तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. दाह कमी करणारी एक जुनी, सांधेदुखीवर देतात ती गोळी बारीक डोसमध्ये सुरू केली. मला वॉर्डात आणलं तेव्हा माझ्या उजव्या मनगटावर घट्ट पट्टा होता. नर्स तरुण होती, आवाज स्वच्छ. तिने दोनदा बजावलं, “हा हात वाकवायचा नाही, टेकायचा नाही, याच्यावर भार द्यायचा नाही. रक्त सुटेल.” मी हो म्हटलं. मी खूश होते म्हटलं तर चालेल. पहिल्यांदाच माझ्या पलंगाच्या पायथ्याशी पिवळी फाइल लटकत होती आणि येणारा प्रत्येक जण ती उघडून माझ्याबद्दल वाचत होता.

हे शेजारच्या स्टुलावर बसले होते. चेहरा उतरला होता, खरंच उतरला होता, मला दिसत होतं. काही बोलावंसं वाटत असावं, पण जमेना. मग एकदम यांनी छातीवर हात ठेवला. “मला कसंतरी होतंय.”

सगळे यांच्याकडे धावले. मुलगा, नर्स, दारातला वॉर्डबॉय. कोणी खुर्ची ओढली, कोणी रक्तदाब बघायचं यंत्र आणलं. मुलगा खिसे चाचपत होता, “बाबा, गोळी कुठे आहे? जिभेखालची गोळी?” यांना बोलता येत नव्हतं. सकाळपासून यांनी काही खाल्लं नव्हतं एवढंच ते होतं, पण ते आम्हाला नंतर कळलं. मी उपाशी होते, त्यामुळे घरात कोणी काही केलंच नव्हतं.

“शर्टाच्या आतल्या खिशात,” मी ओरडले. “चष्म्याच्या घराच्या मागे, छोट्या डबीत.” ती डबी तिथे रोज सकाळी मीच ठेवते. मुलाला ती सापडेना, तेव्हा दाखवायला मी उठून बसले. उजव्या हातावर भार देऊन.

चादर लाल व्हायला लागली तेव्हा कोणाचं तरी लक्ष गेलं. नर्स परत माझ्याकडे आली, मला खांद्याने मागे लोटलं, आणि दोन्ही अंगठ्यांनी मनगट असं दाबून धरलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती चिडली होती आणि तिला चिडायचा अधिकार होता.

“काकू,” ती म्हणाली, “पेशंट तुम्ही आहात.”

मी मान डोलावली. मला ते कळत होतं. मग तिच्या खांद्यावरून पलीकडे बघायचा प्रयत्न करत मी विचारलं, “त्यांनी गोळी घेतली का?”